पिंजऱ्यात एक, कळपात अनेक

लावे पाळायला निघालेला माणूस पिंजरे, खाद्य आणि उबवणी यंत्राची चौकशी संपवून एका प्रश्नापाशी येतो: किती माद्यांमागे एक नर ठेवायचा? उत्तरांची उणीव नाही. कुठल्या पुस्तिकेत दोन माद्यांमागे एक असं लिहिलेलं असतं, कुठे तीन, कुठे पाच. जे पहिल्यांदा हाती लागेल ते धरून माणूस कामाला लागतो. पिल्लं कमी निघाली की तो नर वाढवतो, माद्यांच्या डोक्यावरची पिसं उडाली की नर कमी करतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्न अर्धाच विचारला जातो, म्हणून त्याची सगळी उत्तरं अपुरी पडतात. एका पिंजऱ्यात नर किती, हा एक प्रश्न आहे. सगळ्या कळपात बाप ठरणारे नर किती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पक्ष्याच्या शरीरातून आणि वागण्यातून मिळतं, दुसऱ्याचं आनुवंशिकीतून. पहिल्यावर या आठवड्याची अंडी फळणं अवलंबून असतं, दुसऱ्यावर दोन वर्षांनी कळप धड राहणं. दोन्हींना एकच आकडा लावला की एक तरी बाजू बिघडते.

मारुंजीसारख्या गावात हा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो, कारण इथे जागा हीच सगळ्यांत महाग वस्तू झाली आहे. मुळशी तालुक्याच्या या कडेला भाताची खाचरं आहेत आणि त्यांना खेटून गृहसंकुलांचे मनोरे उभे आहेत. हिंजवडीच्या आयटी पार्कने आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतीने आजूबाजूच्या गावांची शेती एकरांवरून गुंठ्यांवर आणली. म्हैस बांधायला गोठा हवा, ब्रॉयलर कोंबडीला मोठी शेड हवी, पण घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लाव्यांचे पिंजरे तीन-चार मजल्यांवर बसतात. अंडं सतरा-अठरा दिवसांत फुटतं, पक्षी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो आणि मादीचं अंडं जेमतेम दहा ग्रॅमचं असतं. जागा कमी, भांडवल कमी आणि फिरत जलद, म्हणून अशा पट्ट्यात लाव्यांचा विचार होणं स्वाभाविक आहे. मात्र जिथे प्रत्येक चौरस फूट मोजून वापरायचा, तिथे अनावश्यक नर पोसणं जितकं महाग पडतं, तितकंच पिल्लांच्या पिढ्या कमजोर होऊ देणंही महाग पडतं.

ज्याला आपण जपानी लावा म्हणतो आणि बाजारात जो बटेर म्हणून विकला जातो, तो भारतात १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रातून आला. बरेलीजवळ इज्जतनगरला, जिथे पुढे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था उभी राहिली, तिथे त्याच्यावर निवड पद्धतीने काम झालं. मांसासाठी आणि अंड्यांसाठी वेगळे वाण तयार झाले. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने नंदनम नावाने आपले वाण दिले. या पक्ष्याचा त्याआधीचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जपानमध्ये हा पक्षी आधी त्याच्या आवाजासाठी आणि पुढे अंड्यांसाठी पाळला गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथला पाळीव साठा जवळजवळ नष्ट झाला आणि उरलेल्या थोड्या पक्ष्यांमधून धंदा पुन्हा उभा राहिला. म्हणजे जगभर पसरलेल्या पाळीव लाव्यांचा पायाच अरुंद आहे. अशा पक्ष्याचा छोटा कळप आपण आपल्या खोलीत बंद करतो तेव्हा त्या अरुंद पायाचाही एक लहानसा तुकडा उचलत असतो. नरांचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

सुरुवात सगळ्यांत सोप्या बाबीने करू. खाण्याची अंडी विकायची असतील तर योग्य प्रमाण शून्य आहे. मादी अंडं घालते ते उजेड, खाद्य आणि वय यांच्या बळावर. नराचा त्यात काही वाटा नाही. प्रौढ नर दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे वर्षाला नऊ किलोंच्या वर. नर नसलेल्या पिंजऱ्यात माद्या शांत राहतात, त्यांची पिसं शाबूत राहतात आणि फलित नसलेलं अंडं उन्हाळ्यात अधिक टिकतं, कारण त्यात गर्भ वाढायला लागण्याचा प्रश्नच नसतो. शिवाय जोडीदार नसलेला नर फार ओरडतो. मनोऱ्यांच्या सावलीत शेड असलेल्या माणसाला पहाटेच्या या आरवण्यावरून शेजाऱ्यांची तक्रार ऐकावी लागू शकते. उबवणीतून नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात. साध्या करड्या-तपकिरी वाणात तीन आठवड्यांनी छाती पाहून फरक करता येतो: नराची छाती एकसारखी विटकरी-तपकिरी, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. त्याच वेळी वंशासाठी हवे ते नर निवडून बाकीचे मांसासाठी वेगळे वाढवणं हा सरळ व्यवहार आहे. नर उरतात म्हणून ते माद्यांमध्ये सोडणं हे प्रमाण ठरवणं होत नाही.

आता पिल्लांसाठी ठेवलेल्या पक्ष्यांकडे वळू. इथे लाव्याची एक शारीरिक मर्यादा सगळं ठरवते. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यामुळे कोंबडा काढून घेतल्यावरही दोन आठवड्यांच्या आसपास फलित अंडी मिळत राहतात. टर्कीत तर हा काळ कित्येक आठवड्यांचा असतो. लावीलाही अशा नळ्या आहेत, पण साठा फार लवकर संपतो. नर दूर केल्यावर तीन-चार दिवसांतच फलित अंड्यांचं प्रमाण घसरू लागतं आणि दहा दिवसांच्या पुढे क्वचितच फलित अंडं सापडतं. म्हणून एकच नर आळीपाळीने दूरदूरच्या पिंजऱ्यांत फिरवायचा बेत लाव्यांत नीट चालत नाही. नर माद्यांजवळ कायम असावा लागतो. त्यात भर अशी की प्रत्येक संबंध फळतोच असं नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या एलिझाबेथ अ‍ॅडकिन्स-रेगन यांनी लाव्यांच्या वर्तनावर बरीच वर्षं काम केलं. एकेका संबंधातून अंडी फलित होण्याची खात्री किती कमी असते आणि परिसरासारख्या गोष्टीही त्यावर कसा परिणाम करतात, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसतं. नर सतत चढताना दिसतो एवढ्यावरून अंडी फळत आहेत असं मानता येत नाही. साठा लवकर संपणारी मादी आणि खात्री नसलेला संबंध या दोन गोष्टी एकत्र धरल्या की एका नरामागे पाच-सहा माद्या हे प्रमाण ओढाताणीचं ठरतं. नर तरुण, निरोगी आणि ऋतू अनुकूल असेल तर ते चालून जातं. यातलं एक जरी ढळलं तरी फलितता घसरते.

मग नर वाढवावेत का? इथे दुसरी मर्यादा आड येते. लाव्याचा नर संबंधाच्या वेळी मादीच्या डोक्यामागची पिसं चोचीत धरतो. एका पिंजऱ्यात नर जास्त झाले की त्याच मादीला पुन्हापुन्हा धरलं जातं, मानेमागची पिसं जातात, मग कातडी सोलते, आणि रक्त दिसलं की बाकीचे पक्षी तिथेच टोचू लागतात. नर एकमेकांच्या डोक्यावर आणि डोळ्यांवर हल्ला करतात; हरलेला नर कोपऱ्यात दबून राहतो, खात नाही, आणि त्याच्या अंगातली प्रजननाची तयारीही ओसरते. एक नर चढत असताना दुसरा त्याला ढकलतो, त्यामुळे संबंध अर्धवट राहतात. म्हणजे नर वाढवल्याने फलितता एका मर्यादेपर्यंत वाढते, आणि त्यापुढे जखमा, मर आणि घटलेली अंडी यांच्या रूपाने तिची किंमत मोजावी लागते. या दोन्ही मर्यादांच्या मधली जागा म्हणजे एका नरामागे दोन ते तीन माद्या. मोठ्या मांसल वाणात नर जड आणि मंद असतो, तिथे दोन. हलक्या अंड्यांच्या वाणात तीन. पिंजऱ्यापुरतं हे उत्तर मला पक्कं वाटतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. अंड्यातून निम्मे नर निघतात, रानात लावे जोडीजोडीने दिसतात, तर निसर्गाचं प्रमाण सोडून आपलं प्रमाण का लादायचं? याचं उत्तर पक्ष्याला उपलब्ध असलेल्या जागेत आहे. रानातली मादी गवतात दडू शकते, उडून जाऊ शकते, नको असलेला नर टाळू शकते. हरलेला नरही दुसऱ्या शिवारात निघून जातो. निसर्गातलं एकास एक प्रमाण या सुटकेच्या वाटांसकट चालतं. आपण चार पक्ष्यांना एक-दीड चौरस फुटांत ठेवतो, उडून डोकं आपटू नये म्हणून पिंजऱ्याची उंची नऊ-दहा इंचांवर रोखतो, आणि सुटकेच्या सगळ्या वाटा बंद करतो. वाटा बंद केल्यावर प्रमाणही बदललं पाहिजे. एकास एक ठेवायचंच असेल तर ते खरोखर जोडीच्या रूपात, प्रत्येक जोडीला वेगळा कप्पा देऊन ठेवता येतं. संशोधनासाठी वंशावळ लिहून ठेवणाऱ्या केंद्रांत तसं करतात. पण आठ नर आणि आठ माद्या एकाच पिंजऱ्यात ठेवणं ही निसर्गाची नक्कल होत नाही.

इथवर आलो की बहुतेक लोक थांबतात, आणि खरं नुकसान इथूनच सुरू होतं. एका नरामागे तीन माद्या हे प्रमाण पाळणारा माणूस चार पक्षी विकत घेतो, त्यांची अंडी उबवतो, पिल्लांमधून पुन्हा एक नर आणि तीन माद्या ठेवतो. पिंजऱ्याचं प्रमाण दरवेळी बरोबर असतं, तरीही तिसऱ्या-चौथ्या पिढीत अंडी फळेनाशी होतात, पिल्लं कवचात मरतात, पाय वाकडे निघतात. कळपाचा हिशेब कसा करायचा हे अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ स्युअल राइट यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं. नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि एकूण पक्ष्यांच्या संख्येने भागा; जो आकडा येईल ती कळपाची प्रभावी संख्या, म्हणजे आनुवंशिक दृष्टीने कळप किती मोठा आहे याचं माप. पंचवीस नर आणि पंचाहत्तर माद्या असतील तर ती पंचाहत्तर येते. दहा नर आणि नव्वद माद्या असतील तर छत्तीस. दोन नर आणि अठ्ठ्याण्णव माद्या असतील तर पक्षी शंभरच राहतात, पण प्रभावी संख्या आठवरही पोचत नाही. अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या पक्ष्यांच्या संबंधातून होणारं प्रजनन, दर पिढीला ज्या दराने वाढतं तो दर म्हणजे या संख्येच्या दुपटीने एकाला भागणं. शेवटच्या कळपात तो सहा टक्क्यांच्या वर जातो. माद्या वाढवून हा आकडा सुधारत नाही. तो कमी संख्येच्या बाजूने, म्हणजे नरांच्या बाजूने बांधलेला असतो.

गायी-म्हशींत हा परिणाम दिसायला दशकं जातात. लाव्यांत पिढी इतकी लहान असते की मनात आणलं तर वर्षात तीन-चार पिढ्या निघतात, आणि पक्षीही अंतःप्रजननाला फार नाजूक असतो. ज्या डेव्हिसहून आपल्याकडे लावे आले, तिथेच सिट्मन, आबप्लानाल्प आणि फ्रेझर यांनी १९६६ मध्ये या विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सख्ख्या भावंडांचे संबंध पिढ्यानपिढ्या लावत गेल्यावर तीन पिढ्यांच्या आसपास वंश टिकवणंच अशक्य झालं. कोंबड्यांच्या काही अंतःप्रजनित रेषा संशोधन केंद्रांत कित्येक पिढ्या जिवंत ठेवता आल्या. लाव्यांनी तेवढीही सवलत दिली नाही. फलितता, अंड्यातून पिल्लू निघण्याचं प्रमाण आणि पिल्लाचं जगणं ही तिन्ही एकामागून एक ढासळतात, आणि तिन्हींचा गुणाकार होऊन तोटा हातात येतो. चार पक्ष्यांवर सुरू केलेला वंश थोड्याच पिढ्यांत खचतो तो याच कारणाने. पाळणाऱ्याला मात्र दोष नराच्या संख्येत दिसतो, म्हणून तो त्याच भावंडांतला आणखी एक नर आत सोडतो.

दोन्ही उत्तरं एकत्र कशी बसवायची? माझ्या मते मार्ग एकच आहे: पिंजऱ्यातलं प्रमाण न बदलता पिंजऱ्यांची संख्या वाढवायची. समजा आपल्याकडे आठ नर आणि चोवीस माद्या आहेत. हे बत्तीस पक्षी एका मोठ्या पिंजऱ्यात ठेवता येतात किंवा एक नर आणि तीन माद्यांच्या आठ छोट्या कप्प्यांत. प्रमाण दोन्हीकडे सारखंच. पण मोठ्या पिंजऱ्यात दोन-तीन दांडगे नर बहुतेक पिल्लांचे बाप होतात. समजा तीनच नरांची पिल्लं पुढे आली, तर राइट यांच्या सूत्राने प्रभावी संख्या अकराच्या खाली येते आणि दर पिढीला जवळपास पावणेपाच टक्के अंतःप्रजनन वाढतं. अशा तीन पिढ्या झाल्या की कळपातला सरासरी पक्षी सावत्र भावंडांच्या संबंधातून जन्मलेल्या पक्ष्याइतका अंतःप्रजनित होतो. आठ कप्प्यांत आठही नर बाप होतात. त्यातून पुढच्या पिढीसाठी प्रत्येक कप्प्यातून एकच मुलगा आणि प्रत्येक मादीमागे एक मुलगी निवडली, तर प्रभावी संख्या चोविसावरून अडतिसापर्यंत चढते आणि दर पिढीची वाढ सव्वा टक्क्याच्या जवळ येते. एकही पक्षी न वाढवता, खाद्याचा एकही जादा दाणा न देता, फक्त मांडणीने आणि निवडीने कळपाचं आयुष्य कित्येक पटींनी वाढतं.

व्यवहारात हे करायला फार सामग्री लागत नाही. कप्प्यांना क्रमांक द्यायचे, अंडं गोळा करतानाच त्यावर पेन्सिलीने कप्प्याचा क्रमांक लिहायचा, सात दिवसांपेक्षा जुनी अंडी यंत्रात भरायची नाहीत. हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं निघतात त्या यंत्रात, प्रत्येक कप्प्याची अंडी वेगळ्या जाळीच्या टोपलीत ठेवायची आणि पिल्लं निघताच पायात रंगीत कडी घालायची. पिल्लू झपाट्याने वाढतं म्हणून कडी वेळेवर बदलायची. पुढच्या पिढीत पहिल्या कप्प्यातल्या नराला दुसऱ्या कप्प्याच्या मुली, दुसऱ्यातल्याला तिसऱ्याच्या, असं चक्र पुढे सरकवत शेवटच्या कप्प्यातला नर पहिल्याच्या मुलींबरोबर ठेवायचा. त्यामुळे सख्ख्या भावंडांचा संबंध सुरुवातीच्या पिढ्यांत येतच नाही. पिढ्या घाईने घेण्याचंही कारण नाही, कारण अंतःप्रजनन वाढतं ते पिढीगणिक, महिन्यागणिक नाही. साधारण दहा ते तीस आठवड्यांच्या वयात पक्षी उबवणीसाठी सर्वांत चांगले असतात. तेवढा काळ त्यांच्याकडून पुरती अंडी घेऊन वर्षाला दोन पिढ्यांवर थांबणं कळपाच्या हिताचं आहे. मधल्या काळात एखादा नर बदलला, तर जुन्या नराचा साठा संपेपर्यंत दोन आठवड्यांची अंडी वंशासाठी धरायची नाहीत.

एकच नर असलेल्या कप्प्याविरुद्धचा मोठा आक्षेप मला पूर्णपणे मान्य करण्यासारखा वाटतो, पण त्याचा निष्कर्ष मान्य नाही. आक्षेप असा: तो एक नर निकामी निघाला तर त्या कप्प्याची सगळी अंडी वाया जातील, दोन नर असते तर एकाने दुसऱ्याची उणीव भरली असती. हे खरं आहे. पण दोन नरांच्या पिंजऱ्यात निकामी नर लपून राहतो, खाद्य खात राहतो आणि चांगल्या नराला अडवत राहतो. एक नराच्या कप्प्यात तो एका उबवणीत उघडा पडतो. शिवाय नराची तयारी अंड्यांच्या आधीच पाहता येते. गुदद्वाराच्या वर लालसर फुगलेली ग्रंथी असते. हलकं दाबल्यावर तिच्यातून पांढरा फेस येतो. ग्रंथी सुकलेली असेल आणि फेस येत नसेल तर तो नर सध्या प्रजननाला तयार नाही असं समजायचं. म्हणून दर तीन-चार कप्प्यांमागे एक राखीव नर, वेगळ्या कप्प्यात आणि वेगळ्या कुटुंबातला, ठेवणं पुरेसं होतं. दुसऱ्या नराचा विमा घ्यायचा तर तो पिंजऱ्याबाहेर ठेवून घ्यावा.

श्रमांचा आक्षेप यापेक्षा व्यावहारिक आहे. आठ कप्प्यांना आठ पाण्याची भांडी, आठ खाद्याच्या खोबण्या, आठ वेळा अंडी उचलणं. पण सामायिक पन्हळीतून पाणी, निपल पाइप आणि बाहेरून लांबट खाद्यपात्र लावलं तर हे काम बरंचसं एकत्र होतं. आणि सगळाच व्यवसाय या पद्धतीने चालवावा असं माझं म्हणणं नाही. वंशासाठीचे बत्तीस पक्षी कप्प्यांत. त्यांच्या पिल्लांमधून विक्रीच्या पिल्लांसाठी वाढवलेला मोठा गट साध्या पिंजऱ्यांत, एकास तीनच्या प्रमाणात, एकत्र ठेवला तरी चालेल, कारण त्यांची पिल्लं आपण पुढच्या पिढीत घेणार नाही. आणि खाण्याच्या अंड्यांचा गट नरांविना. कुठल्या उद्देशाचा पक्षी कुठे आहे हे स्पष्ट असलं की नरांची मांडणी तीन ठिकाणी तीन वेगळी असण्यात काही विसंगती राहत नाही.

नरांची संख्या बदलण्याआधी दोष खरोखर नराचा आहे का, हे तपासायला हवं. लाव्याचं अंडं ठिपक्यांचं असल्याने उजेडात धरून आतलं नीट कळत नाही, म्हणून न फुटलेली अंडी फोडून पाहणं हीच विश्वासाची तपासणी. बलकावर छोटा, घट्ट, पांढरा ठिपका दिसला तर अंडं फलितच नव्हतं. कडं किंवा रक्ताची रेषा दिसली तर फलित होऊन गर्भ सुरुवातीला मेला. इथे नर दोषी नाही, साठवण, यंत्राचं तापमान किंवा अंतःप्रजनन दोषी असू शकतं. फलितता खरोखर कमी असेल तरी उजेड आधी मोजावा. लाव्याला प्रजननासाठी रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पुण्याचा दिवस डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास आणि जूनमध्येही सव्वातेराच्या आतच असतो, म्हणजे इथे वर्षभर दिवा लावावाच लागतो. हिवाळ्यात वीज जाऊन दिवसाची लांबी वारंवार तुटली तर नराचे वृषण आक्रसतात, ग्रंथी सुकते, आणि पिंजऱ्यात कितीही नर असले तरी अंडी फळत नाहीत. एप्रिल-मेच्या उष्म्यात पत्र्याखालचे नर सुस्त होतात. खाद्यात ई जीवनसत्त्व कमी पडलं तर लाव्याचे नर वंध्य होतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे; पावसाळ्यात खवट झालेल्या खाद्यात हे जीवनसत्त्व टिकत नाही. या तिन्ही ठिकाणी नर वाढवणं म्हणजे तोटा वाढवणं.

राहिला बाहेरून नवं रक्त आणण्याचा मुद्दा. बंद कळप कितीही नीट चालवला तरी काही वर्षांनी बाहेरचा नर आणणं हिताचं असतं, पण तो खरोखर बाहेरचा असला पाहिजे. एकाच हॅचरीची पिल्लं दोन दुकानांतून घेतली तर माणूस दोन ठिकाणचे पैसे देतो आणि एकाच कुटुंबाचे पक्षी घरी आणतो. आणलेले पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून, रोग नाही याची खात्री करूनच कप्प्यांत मिसळावेत. एक मोह मात्र ठामपणे टाळायचा. मुळशी-मावळच्या आणि चाकणच्या माळांवर अजूनही रानलावे आहेत. एखादा पकडून वंश सुधारता येईल ही कल्पना चुकीची आणि बेकायदा दोन्ही आहे. रानातले लावे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. शिवाय पाळीव आणि रानटी वंश मिसळले की तोटा रानाचाही होतो. युरोपात सोडून दिलेल्या पाळीव लाव्यांशी झालेल्या संकरामुळे तिथल्या रानटी लाव्यांच्या शुद्धतेची चिंता केली जाते. आपल्या माळांवर ती वेळ येऊ नये. त्याच कारणाने उरलेले पाळीव नर माळावर सोडून देणंही चूक आहे.

या सगळ्याचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर पक्षी मोजण्यापेक्षा कुटुंबं मोजा. पिल्लं विकणाऱ्या हॅचऱ्यांनी आणि प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांनीही हीच भाषा वापरायला हवी. आज नवख्या माणसाला शंभर पक्ष्यांचा संच विकला जातो आणि त्यात नर किती, माद्या किती एवढंच सांगितलं जातं. त्याऐवजी हे पक्षी किती वेगळ्या बापांचे आहेत हे सांगता आलं पाहिजे, आणि वंशासाठी घेणाऱ्याला किमान आठ असंबंधित कुटुंबांचे नर-माद्या कडी घालून, क्रमांक लिहून दिले पाहिजेत. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. अंड्यावर पेन्सिल चालवण्याची आणि वही लिहिण्याची शिस्त लागते. गुंठ्या-दोन गुंठ्यांत संसार उभा करू पाहणाऱ्या माणसाचं भांडवल थोडं असतं आणि चूक पचवण्याची ताकद त्याहून थोडी. दुसऱ्या वर्षी पिल्लं निघायची थांबली की तो धंदाच सोडतो, आणि लावे इथल्या हवेला मानवत नाहीत असं मानून बसतो. हवा मानवते. एका नरामागे तीन माद्या हेही बरोबर आहे. त्या नरासारखे, पण त्याचे नातलग नसलेले, आणखी सात नर शेजारच्या कप्प्यांत हवेत, हे त्याला पहिल्या दिवशी सांगणं हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांचं काम आहे.